धाप हृदयाची असेल, तर ‘फोटो’ नेमका कशाचा काढायचा?

माझ्या आत्याला जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा घरात प्रत्येकानं आपापलं निदान सांगून टाकलं. कुणी म्हणालं वजन वाढलंय, कुणी म्हणालं पन्नाशी उलटली की हे व्हायचंच. पुढे दोन उशांशिवाय रात्री झोप येईना, तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: हार्ट. तालुक्याच्या गावी एका तपासणी केंद्रात हृदयाचं ‘पॅकेज’ मिळत होतं. त्यात सीटी अँजिओग्राफी झाली. रिपोर्ट आला, रक्तवाहिन्या स्वच्छ. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. धाप होती तिथेच राहिली.

तीन महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. मग विचारलं, “मावशी, लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का?” सुजले होते. चौथीत असताना दोन महिने शाळा बुडाली होती, ते तिला लख्ख आठवत होतं. त्याच दुपारी टुडी इको झाला. हृदयाच्या डाव्या बाजूला मायट्रल नावाची झडप असते. निरोगी माणसात तिचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं. आत्याचं १.१ उघडत होतं.

सीटीत काही चूक नव्हती. रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत का, एवढंच त्याला विचारलं होतं आणि त्याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं. झडपेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. दम लागणाऱ्या माणसाच्या हातात आज इको, स्ट्रेस टेस्ट, सीटी, एमआरआय अशा नावांची चिठ्ठी पडते आणि घरच्यांना वाटतं, जी महाग ती चांगली.

## विहिरीवरची मोटर आठवा

विहिरीवर मोटर आहे आणि शेतात पाणी कमी पडतंय. कारणं किती असू शकतात? मोटरच जुनी होऊन तिची ताकद गेली असेल. फूट व्हॉल्व्ह अडकला किंवा गळत असेल. मोटरपर्यंत येणारी केबल खराब असेल, म्हणजे मोटर चांगली पण तिला वीजच पुरत नाही. स्टार्टर बिघडला असेल. किंवा मोटरीचा काही दोष नसून विहिरीलाच पाणी नसेल.

हृदयाचंही असंच. स्नायू म्हणजे मोटर. चार झडपा म्हणजे व्हॉल्व्ह. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्या म्हणजे केबल. ठोके नियमित पाडणारी विजेची यंत्रणा म्हणजे स्टार्टर. आणि विहीर कोरडी असणं म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन नसणं किंवा फुप्फुसांतून ऑक्सिजनच न येणं.

धाप मात्र या सगळ्यांत सारखीच लागते. हृदयात पुढे रक्त नीट सरकलं नाही की मागे फुप्फुसांत दाब वाढतो, तिथे पाणी झिरपायला लागतं आणि श्वास अपुरा पडतो. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे येतं, दाब आणखी वाढतो. दोन-तीन उशा लागणं, झोपेतून दचकून उठून खिडकीशी जाऊन बसावं लागणं, संध्याकाळी पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहणं ही लक्षणं हृदयाकडे बोट दाखवतात ती यामुळेच.

चांगला वायरमन आल्या आल्या मोटर विहिरीतून वर काढत नाही. आधी विचारतो, सुरू होते का, आवाज कसा येतो, पाणी अजिबात येत नाही की थोडं येतं. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न आणि स्टेथोस्कोप हे तेच काम करतात. ते नीट झालं असतं तर आत्याचे तीन महिने वाचले असते.

## मशीनच्या आधी चार साध्या तपासण्या

पहिली, हिमोग्लोबिन. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की धाप घेऊन आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन न बघता तिला मोठ्या मशीनकडे पाठवणं मला पटत नाही. थायरॉइड, साखर आणि क्रिएटिनिन त्याच रक्तात बघून होतं. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड कसं चाललंय ते कळतं आणि पुढे सीटीचा डाय (वाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) द्यायचा की नाही हे ठरवायला ते लागतंच.

दुसरी, ईसीजी. तिसरी, छातीचा एक्स-रे. त्यात फुप्फुसांत पाणी, न्यूमोनिया, क्षयाचे डाग दिसतात आणि हृदयाची सावली केवढी आहे तेही. सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त असेल तर हृदय वाढल्याची शंका येते. पण पेशंटला खाटेवर ठेवून समोरून काढलेल्या एक्स-रेत निरोगी हृदयही मोठं दिसतं, आणि हृदय कमजोर असूनही एक्स-रे साफ असू शकतो. त्यामुळे एक्स-रेवरून शंका घ्यायची, खात्री करायला दुसरीकडे जायचं.

चौथी थोडी कमी माहितीची, एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्तचाचणी. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. हळूहळू वाढलेल्या धापेत तो १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल, किंवा अचानक आलेल्या धापेत ३०० च्या खाली, तर हृदय कमजोर असण्याची शक्यता बरीच कमी होते. जास्त आला म्हणून लगेच घाबरायचं नाही. वय, मूत्रपिंडाचा आजार, अनियमित ठोके यांनीही तो वाढतो, आणि लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो.

## पहिला मोठा फोटो: टुडी इको

धाप हृदयाची वाटत असेल तर पहिलं मशीन जवळजवळ नेहमी हेच. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं या प्रश्नावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. त्यात प्रत्येक तपासणीला ‘बहुधा योग्य’, ‘योग्य ठरू शकते’ किंवा ‘बहुधा अयोग्य’ असा शेरा असतो. छातीवरून केलेला साधा इको तिथे वरच्या रांगेत आहे.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी बघून आत्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच खोलीत आलो. पण ध्वनिलहरींची ही यंत्रंसुद्धा १९९४ च्या गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याखाली नोंदवावी लागतात. स्वीडनच्या लुंड शहरात इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये जिवंत हृदयाचा पहिला इको टिपला, तो धातूतले तडे शोधण्यासाठी बनवलेल्या यंत्रानं. आवाज आत पाठवायचा आणि त्याचा पडसाद ऐकायचा, तत्त्व आजही तेच. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. म्हणून गरोदर बाईला धाप लागली तरी इको बिनदिक्कत करता येतो. तिथे तर तो लवकर करावा, कारण आत्यासारखी आकसलेली झडप पुष्कळदा पहिल्यांदा गरोदरपणातच त्रास द्यायला लागते.

आत्याच्या इकोच्या वेळी मी शेजारी उभी होते. गार जेल, बरगड्यांच्या मधल्या फटीत दाबलेला प्रोब आणि पडद्यावर करडं, धडधडणारं हृदय. निरोगी झडप दाराच्या दोन फळ्यांसारखी सताड उघडते. तिची झडप मधोमध फुगत होती आणि टोकाशी मात्र चिकटलेलीच राहत होती. डॉक्टरांनी रंग सुरू केला. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं मला वाटलं. तसं नसतं. प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त लाल दाखवतात, दूर जाणारं निळं. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो आणि गेल्यावर उतरतो, त्याच नियमानं मशीन रक्ताचा वेग मोजतं. झडपेच्या बारीक तोंडातून रक्त पिचकारीसारखं सुटत होतं आणि पडद्यावर लाल-निळ्या-पिवळ्याची ठिणगी उडत होती. लहानपणी घशाचा संसर्ग, मग ऱ्हुमॅटिक ताप (तोच, सांधे सुजवणारा), मग चाळीस वर्षं झडप हळूहळू चिकटत जाणं, हा सगळा इतिहास त्या ठिणगीत होता.

## “पंपिंग फक्त ६० टक्के!”

इकोचा रिपोर्ट हातात आला की घरचे आधी ‘पंपिंग’चा आकडा शोधतात. रिपोर्टवर तो ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ किंवा नुसता ‘ईएफ’ म्हणून असतो. ६० दिसलं की धसका घेतात, जणू ४० टक्के हृदय बंद पडलं. परीक्षेचे मार्क आणि हा आकडा यांचा काही संबंध नाही. डाव्या कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त भरलं आणि एका ठोक्यात त्यातलं ६० बाहेर गेलं, तर पंपिंग ६० टक्के. तेच निरोगी. शंभर टक्के कुणाचंच नसतं. साधारण ५० ते ७० ठीक, ४० किंवा त्याखाली असेल तर स्नायू कमजोर.

याच्या उलट गैरसमज जास्त घातक आहे: पंपिंग ६०, म्हणजे हृदय ठणठणीत. नवा फुगा सहज फुगतो. जाड, कडक रबराच्या पिशवीत तेवढंच पाणी भरायला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं बीपी आणि साखर असलेल्या, वजन वाढलेल्या माणसाचं हृदय असं कडक होतं. त्यात समजा ७० मिलिलिटरच भरलं आणि ४२ बाहेर गेलं, तरी गणित ६० टक्केच येतं! आकडा छान, रक्त मात्र कमी, आणि भरताना मागे दाब साचतो तो वेगळाच. वयस्कर बायकांमध्ये हा प्रकार खूप दिसतो आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून त्यांना घरी पाठवलं जातं. म्हणून पंपिंगच्या पुढच्या ओळीही वाचून घ्या: हृदय सैल कसं पडतं, डावा वरचा कप्पा वाढलाय का, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब किती. बसल्या जागी सगळं ठीक वाटलं तर चालवून किंवा सायकल मारायला लावून लगेच इको करतात, मग हा दाब उघडा पडतो.

## “ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. मग अँजिओग्राफी कशाला?”

कारण केबलचा प्रश्न अजून बाकी असतो. रक्तवाहिनी ७० टक्के अरुंद असली तरी आरामात असताना पुरेसं रक्त जातं, त्यामुळे झोपवून काढलेला ईसीजी आणि इको दोन्ही चांगले येऊ शकतात. चढ चढताना मागणी वाढली की तुटवडा कळतो. अशा वेळी छातीत दुखतंच असं नाही. मधुमेही माणसाला, बायकांना, म्हाताऱ्यांना कित्येकदा दुखणं जाणवतच नाही, नुसता दम लागतो.

या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडता येतं. एक, हृदयावर भार टाकून बघायचं. पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती टीएमटी. ज्यांना गुडघ्यांमुळे चालवत नाही त्यांना औषधानं हृदयाचा वेग वाढवून स्ट्रेस इको करतात, किंवा किरणोत्सारी औषध टोचून कुठल्या भागात रक्त कमी पोहोचतं ते बघतात. या शेवटच्या तपासणीला लोक अजून ‘थॅलियम’च म्हणतात. औषध मात्र आता बहुतेक ठिकाणी टेक्निशियम असतं.

दुसरी बाजू, वाहिन्याच थेट बघायच्या. ती सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. हलत्या हृदयाचा फोटो हलतो, म्हणून आधी गोळी देऊन ठोके मिनिटाला साठच्या आसपास आणतात, जिभेखाली वाहिन्या रुंदावणारं औषध देतात, हातातल्या शिरेतून आयोडीनचा डाय सोडतात, अंग क्षणभर गरम होतं आणि काही सेकंद श्वास रोखायला सांगतात. वाहिन्यांत अडथळा नाही, हे सांगण्यात ही तपासणी फार भरवशाची आहे. वाहिन्यांत चुना (कॅल्शियम) खूप साठला असेल, ठोके अनियमित असतील किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, तर तिचा उपयोग घटतो. शंका पहिल्यापासूनच दाट असेल, किंवा हार्ट अटॅकच असेल, तर मनगटातून नळी घालून होणारी नेहमीची अँजिओग्राफी सरळ करतात, म्हणजे अडथळा सापडला तर तिथल्या तिथे उघडताही येतो.

## “मग सरळ एमआरआयच करून टाकू!”

एमआरआयची खासियत हृदय कशाचं बनलंय हे सांगण्यात आहे. स्नायूत जुना व्रण आहे का, सूज आहे का, अॅमिलॉइड नावाचं प्रथिन साचून तो कडक झालाय का. इकोत पंपिंग कमी दिसलं, अँजिओग्राफीत वाहिन्या चांगल्या निघाल्या आणि तरी कारण कळेना, तर एमआरआयची पाळी येते. टीबीनंतर हृदयाभोवतीचं आवरण जाड आणि ताठ होतं, हृदयाला फुगायला जागाच उरत नाही. आपल्याकडे हा आजार अजून भेटतो. इकोत त्याचा संशय आला की सीटीत साठलेला चुना आणि एमआरआयमध्ये आवरणाची सूज बघतात.

पण धाप लागणाऱ्या माणसाच्या जागी बसून विचार करा. पाऊण-एक तास अरुंद बोगद्यात उताणं पडायचं, ठकठक आवाज, आणि पुन्हा पुन्हा दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा. जो माणूस दोन उशांशिवाय झोपू शकत नाही त्याला हे कसं जमायचं? आधी औषधांनी पाणी उतरवावं लागतं. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का ते कार्डावर बघावं लागतं, आणि मूत्रपिंड फारच खराब असेल तर डायचाही विचार करावा लागतो.

## रेडिएशनची भीती किती धरायची?

माती, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट इतका किरणोत्सर्ग तसाही मिळतो. छातीचा एक्स-रे ०.१ किंवा त्याहूनही कमी देतो, म्हणजे फार तर पंधरवड्याचा नैसर्गिक वाटा. नव्या मशीनवरची कोरोनरी सीटी साधारण ३ ते ५, टेक्निशियमची स्ट्रेस तपासणी दहाच्या आसपास. इको आणि एमआरआय शून्य. पासष्ट वर्षांच्या मधुमेही काकांना सीटीची खरी गरज असेल तर या आकड्यांना घाबरून ती टाळू नये. तीस वर्षांच्या मुलीला ‘असू दे, पॅकेजमध्येच आहे’ म्हणून ती करू नये.

## एकच मशीन, दोन प्रश्न

मुद्दा छोटा आहे, पण घोटाळा मोठा होतो. लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर एकच पाय सुजला आणि अचानक धाप लागली, तर पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका असते. तिथेही सीटीच करतात, पण डाय फुप्फुसाच्या वाहिन्यांत असतानाचा क्षण पकडावा लागतो. कोरोनरी सीटीत तो पुढे हृदयाच्या वाहिन्यांत पोहोचेपर्यंत थांबतात. म्हणून ‘मागच्या महिन्यात छातीचा सीटी झालाय की’ एवढ्यावर समाधान मानू नका. कशासाठी झाला होता, ते रिपोर्टच्या पहिल्या दोन ओळींत लिहिलेलं असतं.

आणि धाप बसल्या जागी लागत असेल, ओठ निळसर पडले असतील, छातीत कळ असेल, गुलाबी फेस येत असेल किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९० च्या खाली असेल, तर यातलं काहीही निवडत बसू नका. १०८ ला फोन करा.

## “कमिशनसाठी लिहून देतात हो”

ही शंका घरोघरी बोलली जाते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कट प्रॅक्टिस आहे. पण त्या रागात गरजेची तपासणी टाळली तर नुकसान पेशंटचंच होतं. मी आता एक करते. चिठ्ठी हातात घेतली की तिथेच बसून विचारते, “डॉक्टर, यातून आपल्याला काय कळणार? आणि ते कळल्यावर औषधात काय बदलेल?” चांगले डॉक्टर यानं चिडत नाहीत, उलट कागद ओढून चित्र काढून दाखवतात. उत्तर न देता जे उडवून लावतात, त्यांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, चिठ्ठीवर नुसतं ‘टुडी इको’ लिहिलेलं असेल तर कारणही लिहून मागा. ‘धाप तीन महिने, छातीत मर्मर, मायट्रल झडपेसाठी’ (मर्मर म्हणजे स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा जादा आवाज) एवढं लिहिलेलं असलं की इको करणारा तिथे थांबून मोजमाप घेतो. जुना इको असेल तर सीडीसकट न्या, कारण आजच्या आकड्याइतकंच तो वाढतोय की घटतोय हेही महत्त्वाचं असतं.

आत्याच्या झडपेत पुढे फुगा घालून ती उघडली. त्याआधी तिच्या घशातून नळी घालून आणखी एक इको झाला, कारण वरच्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी लपलेली असली तर छातीवरून ती नीट दिसत नाही, आणि फुगा फिरवताना ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. गुठळी नव्हती. आता वर्षातून एकदा तिचा साधा इको होतो. जेल पुसता पुसता ती स्वतःच विचारते, “झडप किती उघडतेय?” मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, १.८. तिनं तो आकडा वहीत तारखेपुढे लिहिला आणि जिना उतरून रिक्षा बघायला माझ्या पुढे गेली.